प्राचीन मंदिराच्या मूळ आराखड्याची पुनर्रचना

प्राचीन मंदिराच्या मूळ आराखड्याची पुनर्रचना ही पुरातत्त्वशास्त्र आणि स्थापत्येतिहास यांच्या संयुक्त अभ्यासातील एक पद्धती आहे. एखादे मंदिर प्रथम बांधले गेले तेव्हा त्याची मांडणी कशी होती, हे उपलब्ध भौतिक पुराव्यांवरून ठरवणे हा तिचा उद्देश असतो. पडझड झालेली, नंतरच्या काळात वाढवलेली, दुसऱ्या पंथाच्या उपासनेसाठी बदललेली किंवा केवळ पायाच्या खुणांपुरती उरलेली मंदिरे या अभ्यासाचा विषय असतात. पाया, बांधकामातील सांधे, मातीचे थर, इतरत्र वापरलेले कोरीव दगड, शिलालेख आणि समकालीन मंदिरांशी तुलना ही त्याची प्रमुख साधने आहेत. महाराष्ट्रात तेर, मनसर आणि पैठण, तर इजिप्तमध्ये कर्नाक आणि अमार्ना ही या पद्धतीची महत्त्वाची उदाहरणे आहेत.

पुनर्रचना मुख्यतः कागदावरील नकाशा, प्रतिकृती किंवा संगणकीय प्रतिमा यांच्या रूपात केली जाते. प्रत्यक्ष जागेवर मंदिर पुन्हा उभे करणे हा त्याहून वेगळा आणि अधिक जोखमीचा निर्णय असतो. दोन्ही बाबतींत पुराव्याने सिद्ध झालेला भाग आणि अनुमानाने भरलेला भाग वेगळा दाखवणे आवश्यक मानले जाते.

== पार्श्वभूमी ==

आज उभे असलेले प्राचीन मंदिर ही क्वचितच एका काळाची रचना असते. मूळ गर्भगृहापुढे नंतर मंडप जोडला जातो, कोसळलेल्या दगडी शिखराच्या जागी विटा-चुन्याचे शिखर उभारले जाते, उघड्या मंडपाच्या खांबांमध्ये भिंती घातल्या जातात आणि आवारात ओवऱ्या, दीपमाळा व समाध्या वाढत जातात. महाराष्ट्रात यादवकाळात बांधलेल्या अनेक मंदिरांची दुरुस्ती मराठा काळात झाली, त्यामुळे दगडी जोते व भिंती एका काळाच्या आणि वरचे शिखर दुसऱ्या काळाचे, अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते. दर्शनास येणाऱ्या व्यक्तीला हे सर्व मिळून एकच मंदिर दिसते. अभ्यासकाला मात्र त्यातील प्रत्येक भागाचा काळ वेगळा करून मूळ गाभा ओळखावा लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव तालुका गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. तालुक्यातील मुंगी हे गाव आणि नदीपलीकडील पैठण यांचा उल्लेख परंपरेने मुंगी-पैठण असा जोडीने होतो. सातवाहनांची राजधानी असलेल्या प्रतिष्ठान नगराच्या सान्निध्यामुळे या परिसरात प्राचीन वस्तीच्या खुणा आणि मध्ययुगीन मंदिरे दोन्ही आढळतात. तालुक्यातील घोटण येथील मल्लिकार्जुन मंदिर हे यादवकालीन स्थापत्यपरंपरेतील मंदिर असून त्याच्या गर्भगृहात पायऱ्या उतरून जावे लागते.

अशा खोलगट गर्भगृहामुळे आराखड्याविषयीचा मूलभूत प्रश्न उभा राहतो. गर्भगृह मुळातच खाली बांधले होते, की शतकानुशतके माती साचल्याने व फरशा चढवल्याने बाहेरची पातळी वर आली? याचे उत्तर केवळ पाहून देता येत नाही. उतरत्या पायऱ्यांचे दगड गर्भगृहाच्या भिंतीत गुंतवलेले असतील, मंडपाची जमीन मंदिराच्या जोत्याच्या मूळ पातळीशी जुळत असेल आणि द्वारशाखेचा उंबरा आपल्या जागी असेल, तर खोलगट रचना मूळची ठरते. याउलट बाहेरील जोत्याचे खालचे कोरीव थर मातीत गाडले गेले असतील, तर जमिनीची पातळी नंतर वाढल्याचे सिद्ध होते. एकाच मंदिरात या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. शके ९८२ (इ.स. १०६०) च्या शिलालेखामुळे काळ निश्चित झालेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातही गर्भगृह मंडपाच्या खालच्या पातळीवर आहे. त्यामुळे अशी रचना त्या काळातील स्थपतींना परिचित होती, हे तुलनेने दाखवता येते.

== पुराव्याचे प्रकार ==

=== पाया आणि जोते ===

भिंती पडल्या तरी पाया बहुधा शिल्लक राहतो. म्हणून मूळ तलविन्यासाचा, म्हणजे जमिनीवरील आराखड्याचा, सर्वांत विश्वसनीय पुरावा पायात मिळतो. गर्भगृह, अंतराळ आणि मंडप यांचे पाये परस्परांत गुंतलेले आहेत की एकमेकांना केवळ टेकून उभे आहेत, हे तपासले जाते. गुंतलेले पाये एकाच वेळच्या बांधकामाची साक्ष देतात. दोन पायांमध्ये सरळ उभा सांधा दिसला, तर त्यांपैकी एक भाग नंतर जोडलेला असण्याची शक्यता बळावते.

कधी पायाचे दगडही उकरून नेलेले असतात. तरीही दगड काढल्यावर उरलेला चर पुढे वेगळ्या रंगाच्या व पोताच्या मातीने भरतो. उत्खननात हा भराव काळजीपूर्वक काढल्यास नाहीशा झालेल्या भिंतीची रेषा जमिनीत स्पष्ट दिसते. लाकडी बांधकामाच्या बाबतीत खांबांचे खड्डे हीच भूमिका बजावतात. मध्य प्रदेशातील विदिशेजवळच्या बेसनगर येथे हेलिओडोरसच्या गरुडस्तंभाच्या परिसरात देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी १९१३ ते १९१५ या काळात आणि त्यानंतर एम. डी. खरे यांनी १९६३ ते १९६५ या काळात उत्खनन केले. तेथे लंबवर्तुळाकार आराखड्याच्या एका प्राचीन वासुदेव मंदिराच्या पायाच्या खुणा मिळाल्या. जमिनीवर त्या मंदिराचे काहीही उरलेले नसताना त्याचा आकार अशा प्रकारे निश्चित करता आला.

=== मातीचे थर ===

एकाखाली एक साचलेल्या थरांत खालचा थर सामान्यतः आधीचा असतो. मंदिराचा पाया घालण्यासाठी खणलेला चर कोणत्या थरापासून सुरू होतो आणि कोणत्या थराने झाकला जातो, यावरून बांधकामाचा सापेक्ष काळ ठरतो. त्या थरांत सापडलेली खापरे, नाणी आणि जळके लाकूड यांच्या आधारे हा काळ वर्षांच्या किंवा शतकांच्या मोजणीत मांडता येतो. केवळ मंदिरात सापडलेल्या मूर्तीवरून मंदिराचा काळ ठरवणे धोक्याचे असते, कारण मूर्ती हलवता येते व बदलताही येते.

=== विखुरलेले स्थापत्यखंड ===

मंदिराच्या आवारात, गावातील पारावर, बारवेच्या भिंतीत किंवा वेशीत बसवलेले कोरीव दगड हे मूळ इमारतीचे सुटे भाग असू शकतात. आमलकाच्या व्यासावरून शिखराच्या आकाराचा अंदाज बांधता येतो. भूमिज शिखराच्या उतरंडीतील लहान शिखरप्रतिकृतींचे दगड सापडल्यास मूळ शिखर कोणत्या शैलीचे होते हे समजते. स्तंभशीर्षांची संख्या मंडपातील खांबांची किमान संख्या सांगते, तर छताच्या वितानाचे कोपऱ्यातील दगड छत घुमटाकार होते की सपाट, हे दर्शवतात.

अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी प्रणाल ही आराखड्याच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू आहे. पूर्वाभिमुख शिवमंदिरात ती बहुधा गर्भगृहाच्या उत्तर भिंतीत असते. त्यामुळे भिंत पडलेली असतानाही जागेवर असलेल्या प्रणालीवरून गर्भगृहाची दिशा व जमिनीची पातळी यांचा अंदाज येतो. बाहेरील भिंतीच्या देवकोष्ठांतील मूर्ती, ललाटबिंबावरील देवता आणि द्वारशाखेचे अलंकरण यांवरून मंदिर मुळात कोणत्या देवतेचे होते याविषयी अनुमान करता येते.

=== मोजमाप व तुलना ===

बहुतेक मंदिरे एका मध्य अक्षाभोवती सममित असतात. त्यामुळे पायाचा निम्मा भाग मिळाल्यास उरलेला निम्मा भाग काही प्रमाणात विश्वासाने रेखाटता येतो. जे आवार नष्ट झाले आहे त्याच्या कल्पनेसाठी त्याच परंपरेतील सुस्थितीतील मंदिरांचा आधार घेतला जातो. सिन्नर येथील गोंदेश्वर मंदिरात मुख्य मंदिर, नंदीमंडप, चार कोपऱ्यांवरील उपमंदिरे आणि प्राकार अशी पंचायतन मांडणी आजही पाहता येते. एखाद्या यादवकालीन मंदिराच्या चौथऱ्यावर कोपऱ्यात लहान जोती सापडल्यास गोंदेश्वराशी तुलना करून ती उपमंदिरांची आहेत, असे मांडता येते. मात्र जोतीच सापडली नसतील, तर केवळ तुलनेच्या आधारावर उपमंदिरे रेखाटणे योग्य ठरत नाही.

हेन्री कझेन्स यांच्या १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात अनेक मंदिरांचे मोजून काढलेले नकाशे आहेत. नंतर बदललेल्या मंदिरांच्या बाबतीत असे जुने नकाशे व छायाचित्रे स्वतःच पुरावा ठरतात.

== महाराष्ट्रातील उदाहरणे ==

=== तेर : त्रिविक्रम मंदिर ===

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीकाठचे गाव म्हणजेच प्राचीन तगर नगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या अंतरावरील व्यापारी नगर म्हणून तगरचा उल्लेख आहे. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले. त्यानंतर कझेन्स यांनी तेरची पाहणी केली आणि तिचा वृत्तांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध झाला.

तेर येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. त्याच्या मागील भागाची भिंत अर्धवर्तुळात वळलेली असून वर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे कमानदार, छप्पर आहे. दर्शनी बाजूस चैत्यगवाक्षाच्या आकाराची रचना आहे. पुढे सपाट छताचा मंडप आहे. मागील चापाकृती भाग आणि पुढील मंडप यांच्या रचनेतील फरकावरून मंडप नंतर जोडला गेला, असे मानले जाते. म्हणजे भाविक प्रथम ज्या भागात प्रवेश करतो तो कालक्रमाने नंतरचा आहे आणि मूळ मंदिर त्याच्या मागे आहे.

मूळ इमारत कोणाची होती, हा यापुढचा प्रश्न आहे. चापाकृती तलविन्यास आणि कमानदार छप्पर ही कार्ले, भाजे येथील बौद्ध चैत्यगृहांची वैशिष्ट्ये असल्याने कझेन्स यांनी ही इमारत मुळात बौद्ध चैत्यगृह असून नंतर तिचे विष्णुमंदिरात रूपांतर झाले, असे मत मांडले. आंध्र प्रदेशातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिराविषयीही असेच मत मांडले गेले. तेर येथे नंतर झालेल्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे आणि चापाकृती चैत्यगृहाचे अवशेष मिळाल्याने या नगरात बौद्ध वास्तू होत्या हे निश्चित झाले.

तथापि गावात बौद्ध वास्तू होत्या, यावरून त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध होते हे आपोआप सिद्ध होत नाही. चापाकृती आराखडा केवळ बौद्धांचा नव्हता. आंध्र प्रदेशातील गुडीमल्लम येथील परशुरामेश्वर मंदिर आणि कर्नाटकातील ऐहोळे येथील दुर्ग मंदिर ही त्याच आकाराची हिंदू मंदिरे आहेत. नागार्जुनकोंडा येथील उत्खननांतही चापाकृती हिंदू मंदिरांचे पाये मिळाले. त्यामुळे नंतरच्या अनेक अभ्यासकांनी त्रिविक्रम मंदिर मुळातच ब्राह्मणी परंपरेचे असू शकते, असे मत मांडले. या वादाचा पद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाचा बोध असा की, इमारतीचा आकार तिचा आराखडा सांगतो. तिचा पंथ सांगण्यासाठी आतील पूजास्थानाचा, लेखांचा किंवा थरांचा वेगळा पुरावा लागतो.

तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. विटांच्या मंदिरांत लाकडाचे घटकही वापरले जात, हे त्यावरून दिसते. असे लाकूड बहुधा कुजून किंवा जळून नष्ट होते. त्यामुळे केवळ विटांचे अवशेष पाहून केलेली पुनर्रचना मूळ इमारतीपेक्षा अधिक ओकीबोकी ठरण्याचा संभव असतो.

=== मनसर : प्रवरेश्वर ===

नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळ मनसर येथे विटांच्या ढिगाऱ्याखाली झाकलेल्या टेकड्या होत्या. १९७२ मध्ये येथे सापडलेली, सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली वाकाटककालीन शिवमूर्ती प्रसिद्ध आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जगत्पती जोशी आणि ए. के. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली येथे विस्तृत उत्खनन झाले. हिडिंबा टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकडीवर अनेक टप्प्यांत बांधलेली विटांची भव्य वास्तू उघडकीस आली.

वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या पाचव्या शतकातील ताम्रपटांत प्रवरपूर या राजधानीचे आणि प्रवरेश्वराच्या देवकुलाचे उल्लेख येतात. हान्स बाकर यांनी हे लेख, शिल्पे आणि उत्खननातील अवशेष यांची सांगड घालून मनसर म्हणजेच प्रवरपूर आणि टेकडीवरील मंदिर म्हणजेच प्रवरेश्वर, असे प्रतिपादन केले. तेरमध्ये उभी इमारत आहे, पण तिच्या मूळ उपयोगाविषयी समकालीन लेख नाही. मनसरमध्ये लेखात नाव आहे, परंतु इमारतीचा वरचा भाग नाही. टेकडीवरील काही टप्पे बौद्ध आहेत की शैव, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. टेकडीवर एका टप्प्यातील भिंतींवर पुढच्या टप्प्याचे बांधकाम चढवलेले असल्याने मनसरचा 'मूळ आराखडा' म्हणताना कोणत्या टप्प्याचा आराखडा, हे प्रथम सांगावे लागते.

=== पैठण ===

पैठण येथे १९९० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहभागाने झालेल्या उत्खननात विटांच्या प्राचीन मंदिरबांधकामाचे अवशेष मिळाले. डेरेक केनेट, जे. वरप्रसाद राव आणि एम. कस्तुरीबाई यांनी लिहिलेला त्याचा सविस्तर अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. उत्खनन आणि अहवाल यांच्यातील हे अंतर या कामाचे स्वरूप दाखवते. जमिनीतून वस्तू बाहेर काढण्यापेक्षा थर, खापरे आणि भिंती यांचा परस्परसंबंध लावण्यास अधिक काळ लागतो. ज्या उत्खननाचा अहवाल प्रसिद्ध होत नाही, त्यातील पुरावा जागेवरून कायमचा नाहीसा झालेला असतो आणि इतरांना तो तपासताही येत नाही.

== इजिप्तमधील उदाहरणे ==

=== कर्नाक ===

नाईल नदीच्या काठी लक्सरजवळ असलेले कर्नाकचे अमुन-रे देवाचे मंदिर सुमारे दोन हजार वर्षे वाढत राहिले. त्याचा मुख्य अक्ष पूर्व-पश्चिम असून मंदिर मुख्यतः गाभाऱ्याकडून पश्चिमेकडे विस्तारत गेले. पायलॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भव्य जोडमनोऱ्यांच्या प्रवेशद्वारांना आज पश्चिमेकडून क्रमांक दिलेले आहेत. त्यामुळे पर्यटक ज्या पहिल्या पायलॉनमधून आत जातो तो सर्वांत शेवटच्या बांधकामांपैकी एक आहे.

मंदिराचा सर्वांत जुना गाभा असलेल्या भागात आज जवळजवळ मोकळे पटांगण आहे. बाराव्या राजवंशातील पहिला सेनुस्रेत याने इ.स.पू. विसाव्या शतकात येथे चुनखडीच्या दगडाचे मंदिर बांधले होते. नंतरच्या काळात तो दगड चुना भाजण्यासाठी नेला गेला. न जळणारे ग्रॅनाइटचे उंबरे तेवढे जागेवर राहिले. या उंबऱ्यांची जागा, पायाच्या खुणा आणि इतरत्र सापडलेले कोरीव खंड यांच्या आधारे ल्युक गाबोल्द यांनी मूळ मंदिराची पुनर्रचना मांडली.

त्याच राजाचा तथाकथित 'श्वेत मंडप' वेगळ्या मार्गाने परत मिळाला. तिसऱ्या अमेनहोतेपने तिसरा पायलॉन उभारताना जुन्या इमारतींचे दगड भराव म्हणून वापरले होते. १९२० च्या दशकापासून आंरी शेव्ह्रिए यांनी हा भराव बाहेर काढला, तेव्हा मंडपाचे जवळजवळ सर्व दगड सापडले आणि १९३८ पर्यंत तो पुन्हा उभा करण्यात आला. राणी हात्शेप्सुतचा 'रक्त मंडप' मात्र अधिक कठीण ठरला. त्याच्या तीनशेहून अधिक दगडांपैकी बहुतेकांवर त्या त्या दगडापुरते पूर्ण दृश्य कोरलेले असल्याने शेजारचा दगड कोणता, हे चित्रावरून कळत नव्हते. अनेक दशकांच्या अभ्यासानंतर, विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची प्रत्यक्ष पुनर्जोडणी हाती घेण्यात आली.

अखेनातेन याने कर्नाक येथे सूर्यदेव आतेनची मंदिरे लहान, एकसारख्या आकाराच्या दगडांनी बांधली. तलातात म्हणून ओळखले जाणारे हे दगड सुमारे ५२ सेंटिमीटर लांब असतात. त्याच्या मृत्यूनंतर ही मंदिरे पाडून दगड दुसऱ्या, नवव्या व दहाव्या पायलॉनांत भरले गेले. १९६६ मध्ये रे विनफिल्ड स्मिथ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात हजारो दगडांची छायाचित्रे घेऊन संगणकाच्या साहाय्याने जुळणी करण्यात आली. पुरातत्त्वातील संगणकाच्या वापराचा हा एक आरंभीचा प्रयोग होता. नवव्या पायलॉनमध्ये मंदिर पाडताना दगड ज्या क्रमाने निघाले, बहुतांशी त्याच क्रमाने भरलेले होते. त्यामुळे पायलॉन उकलताना प्रत्येक दगडाची जागा नोंदवून मूळ भिंतीचे सलग भाग जुळवता आले. २८३ दगडांची अशी एक भिंत लक्सर संग्रहालयात आहे. या ठिकाणी मंदिर पाडणाऱ्यांनीच नकळत त्याचा क्रम जपून ठेवला होता. मात्र तो वाचता आला, कारण दगड काढतानाच त्याची जागा नोंदवली गेली.

=== अमार्ना ===

अखेनातेनच्या अमार्ना येथील राजधानीतील आतेनच्या महामंदिराचे दगडही पुढे काढून नेण्यात आले. परंतु बांधकामाआधी पायावर जिप्समचा थर दिलेला होता आणि त्यात दगडांचे ठसे व गवंड्यांच्या आखणीच्या रेषा उमटलेल्या होत्या. १९३० च्या दशकात जॉन पेंडलबरी यांनी येथे उत्खनन केले होते. २०१२ पासून बॅरी केम्प यांच्या नेतृत्वाखाली तोच भाग पुन्हा तपासला गेला आणि मंदिराच्या एकापेक्षा अधिक बांधकामटप्प्यांचा तपशील मिळाला. जुन्या उत्खननाने प्रश्न कायमचा मिटत नाही, हे या कामावरून दिसते.

== निश्चिततेच्या पातळ्या ==

पुनर्रचनेतील सर्व भाग सारख्याच खात्रीचे नसतात. अभ्यासाच्या सोयीसाठी त्यांचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येते.

* जागेवर सापडलेला भाग : पाया, जोते, उंबरा, फरशी किंवा भिंतीचा उभा अंश. हा आराखड्याचा थेट पुरावा होय.
* जागा निश्चित करता येणारा सुटा भाग : ज्याचा सांधा, ठसा किंवा कोरीवकाम जागेवरील भागाशी जुळते असा दगड.
* सममितीने पूर्ण केलेला भाग : एका बाजूच्या पुराव्यावरून रेखाटलेली दुसरी बाजू.
* तुलनेने पूर्ण केलेला भाग : समकालीन मंदिरावरून घेतलेले शिखर, प्राकार किंवा उपमंदिर.
* केवळ शक्यता : ज्यास प्रत्यक्ष पुरावा नाही, पण विरोधी पुरावाही नाही.

नकाशात यांतील पहिला प्रकार सामान्यतः गडद रेषेने आणि अनुमानित भाग तुटक रेषेने दाखवतात. संगणकीय त्रिमितीय प्रतिमेत हा भेद सहज पुसला जातो. अशा प्रतिमेत पायथ्याची भिंत आणि काल्पनिक शिखर सारख्याच ठळकपणे दिसतात आणि पाहणाऱ्याला दोन्ही समान सत्य वाटतात. म्हणून प्रतिमेसोबत अनुमानाचा भाग कोणता, हे सांगणारी नोंद देणे महत्त्वाचे ठरते.

== संवर्धन आणि प्रत्यक्ष पुनर्बांधणी ==

१९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार जीर्णोद्धाराचे काम अनुमान सुरू होते तेथे थांबले पाहिजे. मूळ पण सुटे झालेले भाग पुन्हा जोडण्यास ही सनद मान्यता देते आणि जोडण्यासाठी वापरलेले नवे साहित्य ओळखू यावे, अशी अपेक्षा ठेवते. या पुनर्जोडणीस ॲनास्टायलोसिस म्हणतात. मध्य प्रदेशातील मुरैना जिल्ह्यात बटेश्वर येथील कोसळलेल्या मंदिरसमूहातील अनेक मंदिरे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २००५ पासून या पद्धतीने उभी केली.

धरणांमुळे होणारी मंदिरांची स्थलांतरे हा या अभ्यासाचा आणखी एक प्रसंग आहे. गोव्यातील कुर्डी येथील महादेव मंदिर साळावली धरणाच्या पाणलोटात जाणार असल्याने त्याचा प्रत्येक दगड क्रमांक देऊन सुटा करण्यात आला व मंदिर दुसऱ्या जागी उभारण्यात आले. इजिप्तमध्ये आस्वान धरणाच्या वेळी कलाब्शा मंदिर १९६० च्या दशकात हलवताना त्याच्या भिंती व पायात आधीच्या एका वास्तूच्या दरवाजाचे दगड सापडले. हा दरवाजा आता बर्लिन येथे आहे. मंदिर उभे असेपर्यंत तो कोणालाही दिसणे शक्य नव्हते.

भारतात राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाने संरक्षण दिले आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा भाग बांधकामास प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा भाग नियंत्रित आहे. महाराष्ट्र राज्याचा स्वतंत्र अधिनियम १९६० चा आहे. तथापि ग्रामीण भागातील असंख्य जुनी मंदिरे कोणत्याही यादीत नाहीत. ती पूजेत असल्याने त्यांची दुरुस्ती गावकरी वर्गणीतून करतात आणि पडझड थांबवण्याच्या दृष्टीने ती आवश्यकही असते.

दुरुस्तीच्या काही प्रकारांमुळे मात्र मूळ आराखड्याचा पुरावा नष्ट होतो. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवल्यास जोत्याची पातळी झाकली जाते. तैलरंगामुळे शिलालेखाची अक्षरे व दगडांमधील सांधे दिसेनासे होतात. सिमेंटच्या गिलाव्यामुळे दोन काळांतील भिंतींमधील फरक पुसला जातो. आवारातील सुटे दगड गोळा करून एका पारावर रचल्यास ते सुरक्षित राहतात, पण कोणता दगड कोठे पडला होता ही माहिती हरवते. दुरुस्तीपूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे, मोजमापांसह साधा नकाशा आणि सुट्या दगडांच्या जागांची नोंद ठेवल्यास यातील बरीचशी माहिती टिकवता येते. या कामासाठी उत्खननाची गरज नसते. परवानगीशिवाय खोदकाम केल्यास मात्र थरांचा पुरावा कायमचा नष्ट होतो.

== मर्यादा ==

मंदिर हे सतत वापरात असलेले उपासनास्थान असल्यास 'मूळ' आराखड्यालाच सर्वाधिक महत्त्व देणे योग्य की अयोग्य, याविषयीही अभ्यासकांत चर्चा आहे. कर्नाक येथे श्वेत मंडप मिळवण्यासाठी तिसऱ्या पायलॉनचा भराव बाहेर काढावा लागला, म्हणजेच एका काळाची वास्तू समजून घेण्यासाठी दुसऱ्या काळाच्या वास्तूत हस्तक्षेप करावा लागला. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा पुढचा मंडप मूळचा नसला, तरी तो त्या मंदिराच्या प्रदीर्घ वापराचा पुरावा आहे. व्हेनिस सनदेनेही वास्तूतील सर्व काळांच्या ग्राह्य भरींचा आदर करावा, असे म्हटले आहे. त्यामुळे आधुनिक पद्धतीत मूळ आराखडा शोधण्याचा अर्थ नंतरचे भाग हटवणे असा घेतला जात नाही. प्रत्येक भाग कोणत्या काळाचा आहे हे ओळखणे, त्याची नोंद करणे आणि मंदिराचा संपूर्ण इतिहास टप्प्याटप्प्याने मांडणे हे त्याचे उद्दिष्ट मानले जाते.